तळव्याखालचं पाऊल

शालन रेडेकरच्या उजव्या गुडघ्यात करंगळीएवढा एक दोर होता, आणि तो तिच्यापेक्षा पंचावन्न वर्षांनी लहान होता.

मूळचा दोर गौरीच्या सणात तुटला. शालन म्हणजे कुरणवाडीच्या झिम्मा-फुगडीच्या मेळ्याची गाणारी. तोंडानं गाणं आणि पायानं फुगडी, दोन्ही एकाच श्वासात. त्या दुपारी शाळेच्या पटांगणात फुगडी रंगली होती आणि शालन ओळ सांगत होती,

गरगर गिरकी गं, तोल तुझा माझ्या हाती
सोडू नको बोटं बाई, पायाखाली ओली माती

‘माती’वर ती फिरली. पाऊल मातीत रुतलं ते तिथंच राहिलं आणि गुडघा पुढं गेला. टक्. वाळकी शेंग फुटावी एवढाच आवाज. भोवतालच्या बायकांना वाटलं, बांगडी फुटली.

गुडघ्याच्या आत दोन दोर फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यातला पुढचा दोर नडगीच्या हाडाला पुढं निसटू देत नाही. तो तुटला तर माणूस सरळ रस्त्यानं चालतं, पण वळायला गेलं की गुडघा दगा देतो. पूर्वी मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून तिचाच दोर करत, हाडांना भोकं पाडून तो ओवत आणि स्क्रूनं पक्का करत. असा उसना दोर आधी निर्जीव व्हायचा, मग काही महिन्यांनी त्यात रक्त खेळायचं. पण जिवंत झाला तरी तो बराचसा मुकाच. मूळच्या दोराला चेतातंतूंची टोकं असतात. पाय किती वाकलाय, भार कुठं पडलाय, हे ती डोळ्यांनी न बघता सांगतात. उसन्या दोराला ही भाषा नीट येत नसे.

शालनच्या वेळेपर्यंत विज्ञान पुढं गेलं होतं. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात तिच्याच पेशी सहा आठवडे वाढवून दोर विणला गेला. डॉक्टर त्याला ‘जिवंत बंध’ म्हणत. त्याच्या पोटातून केसाहून बारीक एक धागा जात होता. चेतातंतू त्या धाग्याच्या आधारानं वेलासारखे चढायचे, आणि बंधावर पडणारा ताण हाच धागा फोनला कळवायचा.

पण या बंधाची एक अट होती. पहिल्या नव्वद दिवसांत तुम्ही जसं चालाल, तसे त्याचे तंतू रचले जाणार. नव्वद दिवसांनी रचना पक्की.

“मडकं ओलं आहे तोवरच हात फिरवायचा, मावशी,” फिजिओथेरपीच्या मुजावर मॅडम म्हणाल्या. “रोज चाळीस मिनिटं. एक दिवस चुकवायचा नाही.”

“न्हाई चुकवत, मॅडम. मला काय दुसरं काम हाय?”

खरंच दुसरं काही नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक जुई जर्मनीत, बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळेत. गावातली निम्मी दारं कुलपात होती. ऊस न्यायला बिनड्रायव्हरचे ट्रॅक्टर यायचे, त्यामुळं रस्त्यावर हाक मारायलाही कुणी उरलं नव्हतं. घराला सात दगडी पायऱ्या. न्हाणी खाली, झोपायची खोली वर. ऑपरेशनच्या आधीच जुईनं कोल्हापुरातल्या एका ज्येष्ठ निवासात आईचं नाव नोंदवलं होतं.

“फक्त नाव घातलंय, आई. गुडघा बसला नाही तर, एवढंच.”

“बसंल,” शालन म्हणाली होती. त्या एका शब्दावर तिचं घर उभं होतं.

ती चालू लागली. संध्याकाळी पाच वाजता घरातून निघायचं, कालव्याच्या रस्त्यानं गुऱ्हाळापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकटीला रस्ता सरेना, म्हणून तिनं जन्मभराची सवय हाताशी घेतली. ती गायची. पावलागणिक शब्द, चौथ्या पावलाला सम. नवीनच ओव्या जुळायच्या.

सात पायऱ्या दाराला, पाय टेकवू मी कशी
गुडघ्यात नवी दोरी, दोरी बाई नवशिकी

वीस दिवस ती अशी गात चालली. तालात, ठेक्यात, एक पाऊल इकडचं तिकडं नाही. अभिमानानं दवाखान्यात गेली. मुजावर मॅडमनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मावशी, तुम्ही घड्याळ लावून चालता की काय?”

“घड्याळ कशाला? गाणं म्हणती की मी.”

मॅडम खुर्ची ओढून जवळ बसल्या. “तिथंच घोटाळा झालाय बघा.”

त्यांनी समजावलं ते असं. धडधाकट माणसाचं पाऊल कधीच सारखं पडत नाही. एक केसभर लवकर, एक केसभर उशिरा, एक जरा बाहेरच्या अंगाला. ही चूक नसते. या उण्या-अधिकामुळंच बंधाला सगळ्या बाजूंनी थोडाथोडा ताण मिळतो आणि त्याचे तंतू चटईसारखे विणले जातात. शालनच्या पक्क्या तालामुळं सगळे तंतू एकाच दिशेला पडत होते, झाडूच्या काड्यांसारखे. सरळ रस्त्यावर हा बंध टिकला असता. पहिल्या पायरीवर वळताना फाटला असता.

“मेळ्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाईनं ही चूक केली नसती,” मॅडम हसल्या. “एवढा पक्का ताल तुमचाच.”

शालनला हसू आलं नाही. “मग काय करू?”

“गाणं बंद. आणि कुणाला तरी बरोबर घ्या. एकटं माणूस, त्यातून पडायची धास्ती घेतलेलं, साच्यातच चालतं. दोघं शेजारी चालली की नकळत एकमेकांची पावलं घेतात, आणि हे उणं-अधिक आपोआप परत येतं. माणूस मात्र रोज तेच हवं. आणि घेणं दोन्हीकडून हवं. रेकॉर्ड केलेली पावलं उपयोगाची नाहीत, ती तुमच्यासाठी थांबत नाहीत.”

शेजारची कमळाकाकू चार दिवस आली, मग लेकाकडं पुण्याला गेली. मेळ्यातल्या बायका एक दिवस ही, एक दिवस ती, म्हणजे कुणीच नाही. शालन मुक्यानं चालायची. गाणं नसताना रस्ता केवढा लांब असतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं. ट्रॅक्टरला बाजू द्यायला ती थांबायची, तेवढाच काय तो सहवास.

शेवटी जुईनंच तोड काढली. तिनं साथतळवे पाठवले. बुटात घालायचे दोन मऊ तळवे. एक जोड आईकडं, एक लेकीकडं. लेकीनं तिकडं पाऊल टाकलं की आईच्या तळव्याखाली हलकी थाप पडायची. आईचं पाऊल लेकीला तसंच कळायचं. मुजावर मॅडमनीही होकार दिला.

“तुझे पाच म्हणजे माझे साडेबारा, आई. जेवणाच्या सुट्टीत चालेन मी रोज.”

पहिल्या दिवशी तळव्याखाली थाप पडली तेव्हा शालन रस्त्यातच उभी राहिली. लेक लहान असताना पायावर पाय देऊन चालायची, तसं वाटलं तिला. मग ती चालू लागली. थाप मात्र तिच्या पुढं पुढं धावायची. जुई पहिल्यापासून तशीच. शाळेत जाताना दहा पावलं पुढं जायची, मागं वळून ‘आई, चल ना’ म्हणायची आणि आई जवळ पोचायच्या आत पुन्हा पुढं. आठ दिवस शालन त्या थापेमागं ओढली गेली. रेघा काही फारशा सुधारल्या नाहीत.

नवव्या दिवशी पाऊल बदललं.

शालन कालव्याच्या चढाला जरा रेंगाळली आणि थापही रेंगाळली. तिनं पाऊल उचललं, मग थाप उचलली. जणू कुणी कोपराला हात लावून म्हणत होतं, होऊ दे तुझं, मी आहे. पंचविसाव्या मिनिटाला थाप अचानक थांबली. शालनही थांबली. मिनिटभरानं दोघी पुन्हा चालू लागल्या. हे थांबणं मग रोजचंच झालं. शालन त्या वेळी कालव्याच्या पुलावर असायची. ती कठड्याला टेकायची आणि पाण्याकडं बघायची.

दवाखान्यात मुजावर मॅडम खुश. पडद्यावर दोन रेघा होत्या, निळी शालनची आणि केशरी साथीची. दोन वेली एकाच काठीवर चढाव्यात तशा त्या एकमेकींभोवती फिरत होत्या. “बघा, मुलगी कशी तुम्हाला सांभाळून घेते. असंच राहिलं तर कोल्हापूरच्या निवासातलं नाव काढून टाका.”

शालननं घरी येऊन सगळ्या मेळ्याला फोन केले. गुडघ्याचं दोन वाक्यांत सांगितलं. बाकी सगळं लेकीचं. “थांबती गं माझ्यासाठी,” ती म्हणत राहिली. “आता थांबती.”

पौष लागला होता. एका संध्याकाळी थापा निराळ्याच आल्या. आखूड, चपट्या, टाच आणि चवडा एकदमच टेकवलेला. नदीच्या शेवाळलेल्या पायरीवरून कळशी घेऊन उतरताना आपण टाकतो, तशी पावलं. शालनला उमगलं, तिकडं निसरडं झालंय. तिनं आपली चाल मंदावली. सबंध वाट ती लेकीला मनानं धरून चालली.

सहा वाजता फोन आला.

“काय गं, पडलीबिडली न्हाईस न्हवं?” शालननं आधी तेच विचारलं.

“मी? कुठं पडू?”

“बर्फ पडलाय न्हवं तिकडं?”

“थांब, बघते.” खिडकीचा पडदा सरकल्याचा आवाज आला. “अगंबाई, हो की! सगळं पांढरं झालंय. सकाळपासून लॅबमध्येच आहे, जेवण पण इथंच मागवलं. तुला कसं गं कळलं?”

शालनच्या हातात अजून बूट होता.

“टीव्हीवर दाखवलं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिनं बूट घातले आणि पायरीवर बसून राहिली. तळव्याखाली हलकेच थाप पडली. मग दुसरी. कुणीतरी कुठंतरी तिची वाट बघत होतं आणि ती कोण हे शालनला माहीत नव्हतं. न जावं तर दिवस चुकतो. ती उठली.

दहा दिवस ती अशी चालली. आता ती त्या पावलांकडं लक्ष देऊ लागली. डावा पाय किंचित उशिरा येतो. वजन फार नाही. वय असावं. घाई नाही, कुठं पोचायचं नाही. गाणं मना होतं, पण मनात जुळणाऱ्या ओळी कोण थांबवणार?

कोण्या गावची गं तू, न्हाई पाहिली डोळ्यांनी
ओळख धरली बाई, पायांच्या तळव्यांनी

अकराव्या दिवशी तिनं फोनवर सरळच विचारलं. “जुई, माझ्यासंगं चालती ती कोण?”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

“हिल्डाबाई,” जुई म्हणाली. “खालच्या मजल्यावरच्या. घरमालकीण माझी. पहिले आठ दिवस मीच चालले, आई. खरंच. मग दुपारच्या मीटिंगा लागल्या. त्या एकट्याच असतात, रोज फिरायला जातातच. मी म्हटलं, तळवे तेवढे घाला. तुला सांगितलं असतं तर तू बंदच केलं असतंस.”

“केलं असतं.”

“मग? गुडघा महत्त्वाचा नव्हता का?”

“व्हता की.” शालन म्हणाली. “पर पंधरा दिवस मला वाटलं, माझी लेक थांबाय शिकली.”

जुई रडली. शालन रडली नाही, तिनं फक्त विचारलं, “ती मधीच थांबती कशाला?”

“कोण? हिल्डाबाई? तळ्यावर बदकं आहेत, त्यांना पाव टाकतात.”

“बदकं,” शालन म्हणाली. सव्वीस दिवस ती कालव्याच्या पुलावर उभी राहत होती, ती बदकांसाठी.

“उद्यापासून मी चालणार,” जुई म्हणाली. “मीटिंग गेली खड्ड्यात. मीच.”

आणि ती चालली. तळव्याखाली पुन्हा ती ओळखीची लगबग. पुढं, पुढं, मग क्षणभर मागं बघितल्यासारखं अडखळणं, आणि पुन्हा पुढं. शालनला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी तिनं गुडघ्याकडं लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा कुरकुरला. तिसऱ्या दिवशी तिनं मनाला समजावलं, थंडी आहे. चौथ्या दिवशी मुजावर मॅडमचा फोन आला.

“मावशी, काय चाललंय? रेघा तुटल्या आहेत सगळ्या. तुम्ही पुन्हा धास्तीनं चालताय. पाय ओढताय.”

“लेक हाय बरोबर.”

“आधी नव्हती?”

शालननं सगळं सांगितलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “हे मी ठरवू शकत नाही. पण एवढं सांगते, सत्तावीस दिवस राहिलेत आणि बंध आता घट्ट व्हायला लागलाय. या दिवसांत जे रचलं जाईल ते तसंच राहील.”

त्या दिवशी शालन सात पायऱ्यांवर बसली. सगळ्यात खालची, मग तिच्या वरची, असं करत एकेका पायरीवर थोडाथोडा वेळ. वर पोचली तेव्हा गुडघा ठणकत होता. लेकीची पावलं तिला हवी होती. तळव्याखाली ती पडली की घरात कुणी आल्यासारखं वाटे. पण न्हाणीत आपण एकटीच पडलो तर उचलायला पावलांची थाप येणार नव्हती. आणि निवासातल्या त्या खोलीला पायऱ्याच नव्हत्या. तिथं पोचलेल्या माणसानं परत उतरायचं नसतं.

तिनं फोन लावला.

“जुई, तळवे त्या बाईंना परत दे.”

“का? मी येतेय की रोज. एक दिवस चुकवला नाही.”

“न्हाई चुकवलास. पर तू माझ्यासंगं चालत न्हाईस, पोरी. मला वढत नेतीस. गुडघा वढला जातोय.”

“मी हळू चालीन.”

“किती दिस? तुला जमायचं न्हाई, आणि जमलं न्हाई म्हणून तू रडशील.”

“म्हणजे तुला मी नको. एक परकी बाई चालते.”

शालनला वाटलं, आता मागं घ्यावं. आई असं बोलत नसते. “चालायला ती पायजे,” ती म्हणाली. “मला माझ्या घरात राहायचंय, जुई.”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता शालन जोत्यावर उभी राहिली. पाच वाजून चार मिनिटं झाली. सहा झाली. मग तळव्याखाली डावा पाय जरा उशिरा घेऊन ते जुनं पाऊल आलं. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. शालननं बुटाकडं बघून मान हलवली, देवळापुढून जाताना हलवावी तशी.

दोन आठवडे गेले. रेघा सावरल्या. मुजावर मॅडमनी तिला जमिनीवर उकिडवं बसवलं, उठवलं, जागच्या जागी वळवलं, आणि गुडघा बोलला नाही. “आता थोडेच दिवस,” त्या म्हणाल्या. “निवासवाल्यांना मीच फोन करू का?” शालननं तो फोन स्वतः केला. नाव काढा म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पाय बरा झालाय.”

ही बातमी सांगायला तिनं जुईला तीनदा फोन लावला. जुई उचलत नव्हती. दिवसाआड एक निरोप यायचा, ‘बरी आहेस ना?’ आणि शालन लिहायची, ‘हो.’ घर राहिलं होतं. सातही पायऱ्या तिच्या होत्या. वर चढून आल्यावर बोलायला मात्र कुणी नव्हतं, आणि त्यावर कुठल्या दवाखान्यात इलाज नव्हता.

ब्याऐंशीव्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली. गुऱ्हाळं पेटली होती. हवेत काकवीचा वास होता. कालव्याच्या चढावर तिच्या लक्षात आलं, आज हिल्डाबाईंची पावलं निराळी आहेत. थापा सावध होत्या, बर्फातल्या होत्या, पण डावीकडची थाप बाहेरच्या अंगाला पडत होती. दर काही पावलांनी चाल एकाएकी वाढायची आणि मग सावरायची. कुणी हाताला धरून पुढं नेत असावं आणि भान आल्यावर परत जवळ येत असावं, तशी. आज त्या एकट्या नव्हत्या. त्यांना धरून कुणीतरी चालत होतं.

पुन्हा तेच. पुढं, पुढं, मग क्षणभर अडखळणं.

लेक पोटात होती तेव्हापासून शालन ही चाल ओळखत होती.

तिनं फोनकडं हात नेला नाही. रस्त्यावर पुढं-मागं कुणी नव्हतं, फक्त उसाची पानं सळसळत होती. तिनं आपलं पाऊल जरा सावकाश टाकलं. थोड्या वेळानं तळव्याखालची थाप सावकाश झाली. तरी डावीकडचा तो ताण होताच, पुढं ओढणारा, उतावळा. शालननं अजून सावकाश टाकलं. हिल्डाबाईंनीही अजून सावकाश टाकलं.

मग तो ताण सैल झाला. तिकडं बर्फात, दहा पावलं पुढं जाऊ पाहणारं कुणीतरी थांबलं होतं.